नोटीस आली म्हणजे घर गेलं असं नाही

(बीडमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय भाड्याच्या घराचा आहे. मी वकील नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण कॉलेजपासून आजपर्यंत भाड्याच्याच खोल्यांत राहिलो, आणि गावाकडे आमच्याच घरातल्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्यामुळे हा कायदा मी दोन्ही बाजूंनी वाचला.

इथे बसलेल्यांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. कुणी बीडमध्ये भरतीची तयारी करत खोली घेऊन राहतोय, कुणी अंबाजोगाईला शिकतेय, कुणाच्या अब्बांचं माजलगाव किंवा परळीच्या बाजारात तीस वर्षांपासून भाड्याचं दुकान आहे. आणि कुणाच्या घरात वरचा मजला भाड्याने देऊन त्यावर महिना चालतो. म्हणून मी मालकाच्या विरोधात किंवा भाडेकरूच्या विरोधात बोलणार नाही. दोघांनाही एकच गोष्ट कळायला हवी.

"एक तारखेपर्यंत खोली खाली करा." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. त्याला कायद्यात स्वतःची अशी काही ताकद नाही. मालकाला आपलं घर परत मिळू शकतं, तो त्याचा हक्क आहे. पण त्याचा रस्ता ठरलेला आहे. कायद्यात बसणारं कारण हवं, जिथे सांगितली आहे तिथे लेखी नोटीस हवी, मग दावा, आणि शेवटी कोर्टाचा हुकूम. नोटीस ही या रस्त्यावरची पहिली पायरी आहे. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा अधिकार नोटिशीतून मिळत नाही, तो कोर्टाच्या हुकमातून मिळतो.

कायदा कोणता?

आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे घरभाड्यासाठी इथे मुंबईचा कायदा नव्हता, १९५४ चा हैदराबादचा कायदा चालायचा. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच कायदा आला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये दिलेल्या शहरांना लागू होतो. खेड्यापाड्यांत, जिथे तो लागू नाही, तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्याच्या कलम १०६ प्रमाणे वेगळा करार नसेल तर महिन्याच्या भाड्याची वहिवाट संपवायला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आपलं घर कुठल्या कायद्यात येतं, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

कारण काय हवं?

"मला आता नको आहे" हे कारण भाडे नियंत्रण कायद्यात नाही. कारणं कलम १५ आणि १६ मध्ये दिली आहेत. भाडं थकलं. मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला. लेखी संमती न घेता पक्कं बांधकाम केलं. शेजाऱ्यांना उपद्रव दिला. जागा योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरलीच नाही. किंवा मालकाला स्वतःला राहायला, धंद्याला जागेची खरोखर गरज आहे.

हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. मुलाचं लग्न आहे, खोली हवी. कारण खरं असेल तर कोर्ट मान्य करतं. पण त्याआधी कोर्ट हेही पाहतं की जास्त त्रास कुणाला होईल, घर सोडणाऱ्याला की घर न मिळणाऱ्याला. आणि मुलाच्या नावाने ताबा घेऊन मालक एका महिन्यात तिथे राहायलाच गेला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्यालाच जागा भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू कलम १७ खाली कोर्टाकडे जागा परत मागू शकतो.

थकलेलं भाडं आणि ९० दिवस

भाडं थकलं म्हणून मालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी थकबाकीची लेखी मागणी करायची, ती भाडेकरूला पोचली पाहिजे, आणि पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं. कलम १५ तसं सांगतं.

त्यानंतरही एक संधी आहे. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत भाडेकरूने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासकट कोर्टात भरली, पुढे दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम होत नाही. बाजारातल्या एखाद्या छोट्या दुकानदाराचा एक हंगाम बुडाला म्हणून त्याचं दुकान जाऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. पण ती आपोआप लागू होत नाही. तारीख चुकली की संधी गेली.

मालकांनी लक्षात ठेवायचं ते असं. नोटिशीत दोघांची नावं, जागेचा पत्ता, दरमहा भाडं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत किती थकलं आणि मागणी काय, हे आकड्यांत लिहा. सही आणि तारीख टाका. "बरेच महिने भाडं दिलं नाही" असं मोघम लिहिलेली नोटीस दोन-तीन वर्षांनी कोर्टात उघडी पडते. तोपर्यंत तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही गेलेला असतो.

इतर कारणांसाठी काय? सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये, धनपाल चेट्टियार खटल्यात, सांगितलं की भाडे नियंत्रण कायद्यातल्या कारणावर दावा करताना कलम १०६ ची जागा खाली करण्याची नोटीस बंधनकारक नाही. वकील ती तरीही पाठवतात, आणि ते चांगलंच आहे. पण भाडेकरूने "मला नोटीसच आली नव्हती" एवढ्यावर विसंबून घरी बसू नये.

नोटीस पोचवायची कशी?

कलम १०६ यात स्पष्ट आहे. नोटीस लेखी, सही केलेली. टपालाने पाठवा, किंवा भाडेकरूच्या हातात द्या, किंवा त्याच्या घरी त्याच्या कुटुंबातल्या माणसाला किंवा नोकराला द्या. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवा.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हमखास विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर? निळी टिक आली की झालं ना? कलम १०६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं नाव नाही. जोडीला पाठवायची तर पाठवा, स्क्रीनशॉट ठेवा, पण फक्त त्यावर भरवसा ठेवू नका. टपालाची पावती आणि पोच जपून ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे, त्यामुळे पाठवताना पोच मिळेल याची काउंटरवर खात्री करून घ्या.

आता भाडेकरूंची एक मोठी गैरसमजूत. पोस्टमन आला, मालकाचं पाकीट दिसलं, की "घ्यायचं नाही, परत पाठव." यातून काही साधत नाही. पाकिटावर "घेण्यास नकार" असा शेरा पडतो आणि पत्ता बरोबर असेल तर कोर्ट नोटीस पोचली असंच धरतं. उलट नोटिशीत काय लिहिलंय तेच तुम्हाला कळत नाही, आणि ९० दिवस मात्र सुरू होतात. पाकीट घ्या, उघडा, तारीख लिहून ठेवा, आणि वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा.

वडील वारले आणि दुकान आता तीन भाऊ चालवतात, असं आपल्याकडे खूप आहे. सगळे वारस मिळून एकत्र भाडेकरू मानले जातात, आणि एकाला मिळालेली नोटीस सगळ्यांना मिळाली असं धरलं जातं. म्हणून थोरल्या भावाने नोटीस खिशात घालून गप्प बसू नये.

ऊसतोडीला गेलेलं घर

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न इतर कुठल्याही शहरापेक्षा वेगळा आहे. दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परततात मार्च-एप्रिलमध्ये. त्यांच्यात मुस्लिम कुटुंबंही आहेत. त्यातल्या कुणाची भाड्याची खोली असेल तर तिला पाच-सहा महिने कुलूप असतं. त्याच काळात नोटीस आली, समन्स आलं, तर घेणार कोण?

सलग सहा महिने जागा वापरली नाही या कारणावर दावा होऊ शकतो, पण कायद्यातले "योग्य कारणाशिवाय" हे शब्द विसरू नका. पोटासाठी हंगामावर जाणं हे कारण कोर्टापुढे मांडता येतं. मुकादमाकडची उचल, कारखान्यावरच्या नोंदी, मुलांच्या शाळेचे दाखले हा त्याचा पुरावा.

निघण्याआधी तीन कामं करा. आपण कुठे जातोय आणि कधी परतणार, हे मालकाला लेखी कळवा. मोबाईलवरून महिन्याचं भाडं पाठवत राहा. आणि मागे राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला टपालावर लक्ष ठेवायला सांगा. तरीही एकतर्फी निकाल झालाच, आणि समन्स रीतसर मिळालंच नव्हतं, तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. परत आल्यावर "बघू रमजाननंतर" असं म्हणत बसलात तर ते दिवस निघून जातात.

अकरा महिन्यांचा करार

आजकाल बहुतेक खोल्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही" हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोंदणी केलेल्या मालकाला मात्र जवळचा रस्ता मिळतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपूनही माणूस जात नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने पैसे मागता येतात. तिथून समन्स आलं तर ३० दिवसांच्या आत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ज्यांचा करार असा आहे, त्यांनी मुदत संपण्याआधीच नवा करार किंवा नवी खोली बघावी. जुन्या भाडेकरूला असलेलं संरक्षण इथे नाही.

व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलंय. तरी ओळखीच्या माणसाकडे कागद मागायची आपल्याला लाज वाटते. मग तीच ओळख पुढे भांडणात तुटते.

वक्फचं दुकान

वक्फच्या दुकानांचा रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूला काढण्याचे वाद छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ न्यायाधिकरणाकडे जातात. त्याच दुरुस्तीने पट्ट्याची मुदत संपलेल्या माणसालाही अतिक्रमण करणाऱ्यांत धरलं. तेव्हा "आपल्याच मशिदीचं दुकान आहे, कोण काढतंय" असं म्हणून पट्टा संपू देऊ नका, आणि बाजारभावापेक्षा कितीतरी कमी भाडं देऊन तो हक्क समजू नका. ते पैसे यतीम मुलांचे, कब्रस्तानाचे, मदरशाचे असतात. दुसरीकडे मुतवल्लीलाही स्वतः जाऊन कुलूप लावता येत नाही. त्यालाही नोटीस आणि न्यायाधिकरण याच वाटेने जावं लागतं.

कुलूप, नळ आणि वीज

नोटिशीचा कंटाळा येतो तेव्हा लोक दुसरे मार्ग धरतात. नळ बंद करायचा, मीटरची वायर काढायची, भाडेकरू बाहेर गेला की सामान रस्त्यावर टाकून नवं कुलूप लावायचं. यातलं काहीच कायदेशीर नाही. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज अशा सोयी तोडता येत नाहीत, भाडेकरू कोर्टातून त्या पुन्हा सुरू करून घेऊ शकतो. आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय ताबा काढून घेतला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही.

हेच तत्त्व सरकारलाही लागू आहे. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने बुलडोझर कारवाईबद्दल निकाल दिला. पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, टपालाने आणि इमारतीवर चिकटवून, आणि म्हणणं ऐकून घ्यायची संधी. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण यासारखे अपवाद त्यात आहेत. पण सरकारकडे आपण ज्या प्रक्रियेचा आग्रह धरतो, ती आपल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला नाकारू शकत नाही.

घरी गेल्यावर

भाडेकरू असाल तर भाडं रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. रोख दिलंच तर पावती मागा, कलम ३१ प्रमाणे ती देणं मालकाला बंधनकारक आहे. मालक असाल तर पावती पुस्तक आणा आणि करार नोंदवा. अब्बांच्या दुकानाचे कागद आज रात्री शोधा, फोटो काढा, दोन ठिकाणी ठेवा.

नोटीस किंवा समन्स आलं आणि वकिलाचे पैसे नसतील, तर बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. महिलांना आणि कायद्यात सांगितलेल्या आणखी काही गटांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

आणि तुमच्या मोहल्ल्यात कुणी हातात नोटीस घेऊन रडत बसलं असेल, तर आधी तारीख बघा, मग दिवस मोजा, आणि त्यांच्याबरोबर कोर्टापर्यंत जा. इंग्रजी कागद वाचता येणारा घरातला पहिला माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.

प्रश्न असतील तर विचारा.