गोधडीचा उत्पादन खर्च

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलून झालं. आता आम्ही जो विषय काढणार आहोत, तो ऐकून मागच्या रांगेतले काही भाऊ तंबाखू मळायला मांडवाबाहेर निघतील. निघू नका. विषय बायांच्या हातच्या कलाकुसरीचा आहे, पण हिशेब कापसाचाच आहे.

गावोगाव बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक गोष्ट ऐकू येते. शहरातून कुणी शिकलेली मंडळी येतील, तुमच्या गोधडीच्या टाक्यापासून पिशव्या, उशांचे अभ्रे, पलंगपोस असं काही नवं बनवायला बसतील. बाया आणि डिझाइनवाले मिळून वस्तू घडवणार. चांगली गोष्ट आहे. आम्ही तिच्या विरोधात नाही. आमचा प्रश्न एवढाच, की 'मिळून' म्हणजे काय?

त्यासाठी आधी तुम्हाला जरा लांब नेतो. ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळ वळ नावाचं गाव आहे. तुमच्यातल्या फार कुणी ते पाहिलं नसेल, पण तुमच्या कापसानं ती वाट पाहिलेली असू शकते. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुईची गाठ बांधली जाते, गाठीचं सूत होतं आणि पुष्कळसं सूत भिवंडीच्या यंत्रमागावर जातं. वळ, राहनाळ, पूर्णा, दापोडे या गावांच्या शिवारात आता गोदामं उभी आहेत. ही आगरी शेतकऱ्यांची भातखाचरं. मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर माल ठेवला की मुंबईची जकात लगेच भरावी लागत नसे, म्हणून गोदामं आली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. फोनवरून माल मागवायचा धंदा वाढला तशी ती वाढतच राहिली. तुमच्या पोरीनं मागवलेली चादर अशाच एखाद्या गोदामातून खोक्यात बसून येते.

आता बघा. कापूस इथून वजनावर गेला. चादर परत आली ती नगावर, रंगात, नक्षीत. मधल्या वाटेवर कुणीतरी ठरवलं की रंग कोणता, माप किती, नक्षी कोणती, किंमत किती. शेतकऱ्यानं ठरवलं नाही. मागवाल्यानंही नाही, भिवंडीतले कितीतरी मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मागवाल्याची फक्त विणाई. जिथं नमुना ठरतो तिथंच भाव ठरतो. बाकी सगळे मजूर.

हे बायांच्या बाबतीत कसं घडतं, ते पाहायला वळपासून फार दूर जायला नको. पूर्वी ठाणे जिल्ह्यातच असलेला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेला डहाणू, जव्हारचा भाग बघा. तिथं वारल्यांच्या घरी लग्न असलं की कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. भिंतीला गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं, मधोमध पालघट देवी. हा चौक लिहायचा तो सवासिनींनी. लग्न लावायचं तेही धवलेरीनं, म्हणजे बाईनंच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथं कागद आणि रंग घेऊन गेले आणि ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा हात मोठा होता, त्यात वाद नाही. पण चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायांचं होतं. कागदावर आलं, त्याला किंमत आली, तशी खाली सही बहुतेक पुरुषांची दिसू लागली. पुढं कापडावर छापून आलं तेव्हा सहीच गेली. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, ती हवीच होती. तरी चादरीवर, कपावर वारली नाच छापणाऱ्यानं कुठल्या सवासिनीला विचारलंय?

म्हणून म्हणतो, नमुना कुणाचा हे पहिल्या दिवशी ठरवा.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. सगळे त्यांच्या मालकीचं कौतुक करतात, ते खरंच आहे. आम्हाला मात्र त्यांच्या कामाची आखणी जास्त शिकण्यासारखी वाटते. पीठ एका जागी मळायचं, बाईनं ते घरी न्यायचं, घरचं सांभाळून लाटायचं, वाळलेले पापड परत आणून वजन करून पैसे घ्यायचे. चव सगळीकडं एक आणि वेळ बाईच्या सोयीची. आधी बाईचा दिवस पाहिला, मग धंदा त्यात बसवला. आमच्या मते डिझाइन म्हणतात ते हेच. रंगसंगती त्याच्या नंतरची.

आपल्या कोरडवाहू पट्ट्यात बाईचं वर्ष कसं असतं? जूनमध्ये पेरणी, मग निंदणी, खुरपणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू, ती दोन-तीन महिने पुरते. रब्बी ज्वारी असेल तर माघ-फाल्गुनात काढणी. हात मोकळे होतात ते चैत्र-वैशाखात, भर उन्हात. गोधड्या आपल्याकडं उन्हाळ्यातच शिवल्या जातात, त्याचं कारण हे. आता शहराची मागणी कधी? दिवाळीला. म्हणजे ऐन वेचणीत. डिझाइनवाल्या ताई आश्विनात येऊन दोनशे नग मागणार, आणि बाई दिवसा कापूस वेचून रात्री दिव्याखाली डोळे फोडणार. हे आधीच सांगून टाकायला हवं की माल वैशाखात शिवून होईल. मग तो दिवाळीपर्यंत पडून राहील, त्यात अडकलेला पैसा कुणाचा? कच्चा माल कोण देणार, आगाऊ किती देणार? नक्षीच्या गप्पा रंगतात तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही. तुम्ही काढा.

आणि तुमचं जे ज्ञान आहे ते फुकट देऊ नका. पुष्कळ गावांत टाका कडेनं सुरू करून फेऱ्या घालत मध्यापर्यंत नेतात, म्हणजे आतल्या चिंध्या सरकत नाहीत. कोणतं जुनं लुगडं आत घालायचं, कोणतं वर, हे आजी सांगते. कृषी महाविद्यालयात आम्हाला ज्वारीच्या वाणांची नावं पाठ करायला लावली, पण वाण निवडलं ते पिढ्यान्‌पिढ्या बायांनी, कणीस हातात धरून. तिथंही त्यांचं नाव लागलं नाही.

आता हिशेब. धरा, एका गोधडीला साठ तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. २०२५-२६ सालात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. साडेसात दिवसांचे झाले २३४० रुपये. दोरा, कापड मिळून दोनशे धरा. २५४० रुपये झाले, आणि यात नफा नाही, जोखीम नाही. गिऱ्हाईक म्हणतो आठशेला दे. बाई देते, कारण तिच्या लेखी तिचा वेळ फुकटचा. तिच्या लेखी म्हणजे कुणाच्या? भावांनो, कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण भांडतो. घरात मात्र बाई दुपारी सुई घेऊन बसली की तिला 'रिकामी बसली' म्हणतो.

तर काम असं. पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावानं एक गोधडी आणि एक वही आणायची. वहीत रोज किती तास शिवलं ते लिहायचं, दोऱ्याचे पैसे लिहायचे. शिवणाऱ्या बाईचं नाव पहिल्या पानावर. जिला लिहिता येत नाही, तिच्यासाठी घरातल्या पुरुषानं रोज संध्याकाळी लिहायचं, आणि तास तिनं सांगितले तेवढेच लिहायचे, घासाघीस करायची नाही.