संशयकल्लोळातली माणसं

(गेल्या वर्षीच्या उत्सवात ‘संगीत संशयकल्लोळ’च्या प्रयोगाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. काम असं दिलं आहे की, आज आपल्यात बसलेले बंगाली, उडिया, तेलुगू, हिंदी भाषिक सहकारी आणि त्यांची कुटुंबं यांना नाटक कळावं म्हणून पात्रांची ओळख करून द्यावी. मी या नाटकाचा प्रॉम्प्टर. दोन महिने तालमीत प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य मी विंगेतून पुटपुटलो आहे, तेवढाच माझा अधिकार. मराठी मंडळींनी मात्र ‘हे आम्हाला ठाऊक आहे’ म्हणून चहाच्या स्टॉलकडे वळू नये. माझं थोडं भांडण त्यांच्याशीच आहे.

आधी नावं. गोविंद बल्लाळ देवलांनी या नाटकात गंमत केली आहे. पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, आणि नोकर भादव्या. बायका कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आमच्या घोषबाबूंना आश्विन म्हटलं की दुर्गापूजा आठवेल. आणि भादव्या म्हणजे भाद्रपद, आपल्या बाप्पाचा महिना. त्यामुळे निदान आज तरी त्या गड्याला कोणी कमी लेखू नये.

पंचांगवाल्यांना माहीत आहे की महिन्याचं नाव नक्षत्रावरून पडतं. कृत्तिकेवरून कार्तिक, फल्गुनीवरून फाल्गुन, अश्विनीवरून आश्विन. आता नाटकातली जोडपी पाहा. कृत्तिका पडली आहे फाल्गुनाच्या पदरात! देवलांनी हे मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही, पण पत्रिका न जुळल्याची शंका यावी असाच हा संसार आहे. रेवती मात्र सत्ताविसावं, शेवटचं नक्षत्र, आणि तिच्या लगेच पुढे पुन्हा पहिलं नक्षत्र येतं ते अश्विनी. म्हणजे हे दोघे निदान शेजारी तरी आहेत.

गोष्ट मूळची आपली नाही. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० साली ‘स्गानारेल’ नावाचं छोटं प्रहसन केलं. ते धागे घेऊन इंग्लंडात आर्थर मर्फी याने ‘ऑल इन द राँग’ लिहिलं, ते १७६१ साली लंडनला रंगभूमीवर आलं. देवलांनी मर्फीवरून आधी गद्य नाटक केलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यालाच पदं घालून झालं ‘संगीत संशयकल्लोळ’. ते १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. देवल त्याच वर्षी वारले, हा प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही.

घोटाळा एवढासाच. रस्त्यात रेवतीला घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतात. नेमकी त्यांची बायको कृत्तिका ते पाहते. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव पाहतात. झालं. कृत्तिकेच्या लेखी नवऱ्याचं त्या बाईशी सूत आहे, फाल्गुनरावांच्या लेखी बायकोचं त्या तसबिरीतल्या माणसाशी. रेवतीला दिलेली आपली तसबीर या गृहस्थाकडे कशी, म्हणून अश्विनशेट पेटतो, आणि ती दुसऱ्या बाईजवळ होती हे कळल्यावर रेवतीही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या चौघांपैकी कोणीही काही पाप केलेलं नाही. ज्याने जे पाहिलं ते खरंच घडलेलं आहे. फाल्गुनरावांनी परक्या बाईला हात दिला, हे खरं. कृत्तिका परपुरुषाची तसबीर पाहत होती, तेही खरं. पुरावा सगळा अस्सल, निकाल तेवढा खोटा.

देवलांनीच १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं होतं. तिथे एका रुमालावरून बायकोचा जीव जातो, इथे एका तसबिरीवरून हशा पिकतो. पण ‘ऑथेल्लो’त कान भरणारा एक नीच माणूस आहे. तो नसता तर रुमाल रुमालच राहिला असता. ‘संशयकल्लोळ’मध्ये खलनायक नाही. फाल्गुनराव स्वतःचे कान स्वतःच भरतात, कृत्तिका स्वतःचे. म्हणून मी आमच्या फाल्गुनरावांना तालमीत सारखं सांगत होतो की बाबा रे, हा माणूस मूर्ख म्हणून करू नकोस. डोळे फिरवणं, टोपी वाकडी करणं, लटपटत चालणं, यावर हशा मिळतो, पण तो स्वस्तातला. फाल्गुनराव हुशार आहेत. ते दुव्याला दुवा जोडतात, उलटतपासणी घेतात, नोकराला हेर करतात. आपल्या प्लँटच्या चौकशी समितीवर त्यांना नेमलं असतं तर त्यांनी उत्तम अहवाल लिहिला असता. चूक एकच, की निष्कर्ष त्यांच्या खिशात आधीच असतो. जितक्या गंभीरपणे ते तपास करतील तितकं नाटक हसवेल.

आणि कृत्तिकेला ‘कजाग बायको’ करू नये. ती त्यांच्याच तोलाची तपासनीस आहे. एक अंदर की बात सांगतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे नाटकातलं सर्वांत प्रेमळ जोडपं आहे असं माझं मत झालं आहे. नवरा कुठे गेला, कोणाशी बोलला, का हसला, यापलीकडे तिला दुसरा विचार नाही, आणि त्यांनाही नाही. इतकी वर्षं संसार झाल्यावर आपल्यापैकी किती जण एकमेकांकडे इतकं लक्ष देतात? (तिसऱ्या रांगेत काही जणांनी मान खाली घातली, ती मी पाहिली आहे.)

भादव्या आणि रोहिणी यांच्याविषयी थोडक्यात. हे नोकर आहेत, आणि मालकांच्या चौकशीत त्यांचं मरण आहे. ज्याचं पोट मालकाच्या हाती, त्याला मालकाला काय ऐकायचं आहे ते आधी कळतं. भादव्याला टाळ्या मिळतील, मिळाव्यात. तो करणारा आमचा मुलगा कँटीनमधल्या गर्दीतही तालीम करत होता.

आता भांडणाचा मुद्दा.

रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. कलावंतिणीचं घर. ती अश्विनशेटवर मन जडवून बसली आहे आणि तिला लग्न करायचं आहे. जुलैमध्ये पहिल्या वाचनानंतर सूचना आली, आणि ती चांगल्या हेतूनेच आली होती, की उत्सवाचा कार्यक्रम आहे, लहान मुलं असतात, इतर प्रांतांचे पाहुणे असतात. तेव्हा रेवतीला संगीत शिक्षकाची मुलगी करावं, चार वाक्यं गाळावीत, कोणाला कळणारही नाही. मी त्या वेळी गप्प बसलो. प्रॉम्प्टरला कोण विचारतो! पण घरी जाऊन संहिता पुन्हा वाचली आणि दुसऱ्या दिवशी समितीकडे गेलो.

मर्फीच्या नाटकातली नायिका बेलिंडा ही खानदानी मुलगी आहे. तिला जाच आहे तो बापाचा. तिच्यावर संशय आला तर प्रेमभंग होईल, रडू येईल, पण तिचं घर, तिचं नाव जागेवर राहील. देवलांनी नायिका कलावंतिणीच्या घरातली केली आणि सगळा तोल बदलला. फाल्गुनराव आणि कृत्तिका कितीही भांडले तरी संध्याकाळी एकाच छपराखाली असणार. रेवतीचं तसं नाही. लोकांनी तिच्यावर जन्मापासूनच संशय घेतलेला आहे, त्याला तसबिरीची गरज नाही. लग्न हा तिचा त्या घरातून बाहेर पडण्याचा रस्ता, आणि त्या रस्त्याची चावी एका माणसाच्या विश्वासात.

देवलांना हा विषय नवा नव्हता. १८८७ मध्ये त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणलं होतं. त्यातली वसंतसेना गणिका. तिला शेवटी कुलवधूचा मान मिळतो तो राजाच्या आज्ञेने. रेवतीच्या पाठीशी राजा नाही. मुंबई इलाख्यात देवदासीने केलेलं लग्न कायद्याने ग्राह्य ठरलं ते १९३४ साली. नायकिणी आणि देवदासी एकच नव्हेत, पण समाजाने दोघींना एकाच ओळीत उभं केलं होतं. नाटक त्याच्या अठरा वर्षं आधीचं आहे.

आणि मग अश्विनशेट. हा आपला नायक. देखणा, पैसेवाला, सुधारक वळणाचा, गाणारा. कलावंतिणीच्या मुलीशी लग्न करायला निघालेला, म्हणजे काळाच्या मानाने धीटच. पण संशयाची पहिली ठिणगी पडताच त्याच्या तोंडून काय बाहेर पडतं? तिची जात, तिचा धंदा, तिचं घराणं. ‘हिने मला फसवलं’ एवढं म्हणून तो थांबत नाही, ‘ही असलीच’ म्हणतो. ते पद तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. रेडिओवर ऐकलंय, कॅसेटवर ऐकलंय, मैफलीत फर्माईश केली आहे. चाल इतकी नखरेल की आपण मांडीवर ताल धरतो आणि वन्स मोअर देतो. मीही चाळीस वर्षं दिला. शब्द काय आहेत, ते मी या जुलैत पहिल्यांदा ऐकले.

फाल्गुनरावांचा संशय हा त्यांचा स्वभाव आहे, सर्दीसारखा. तो कोणावरही येईल. अश्विनशेटचा संशय त्याचा स्वतःचा नाहीच, त्याने तो समाजाकडून उसना घेतला आहे. म्हणून पहिल्यावर मोकळेपणाने हसू येतं आणि दुसऱ्यावर हसताना थोडं अडखळायला होतं. रेवतीला मास्तरांची मुलगी करा, की अश्विनशेटचा हा सगळा राग नुसता रुसवा होऊन बसेल, आणि त्या पदाला तर अर्थच उरणार नाही. मग ते गाळायचं का? ते गाळायला कोणीच तयार होईना! समितीने माझं ऐकलं त्याला माझ्या युक्तिवादापेक्षा त्या पदाची चाल अधिक कारणीभूत आहे, हे मला ठाऊक आहे. असो. संहितेतली ती चार वाक्यं आज तुम्ही ऐकाल.

रेवतीचं काम करणारी मुलगी इथेच जन्मलेली, हिंदी शाळेत शिकलेली, आज नोकरी करणारी. मराठी नाटक तिचं पहिलंच. ऑगस्टमध्ये एका तालमीला अश्विनशेटने ते पद झोकात म्हटलं, आम्ही सगळ्यांनी सवयीने ‘वा’ म्हटलं. ती बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिने मला विचारलं, “काका, हा तिला एवढं सगळं बोलतो, मग ती शेवटी याच्याशीच लग्न का करते?”

मी म्हटलं, सुखान्त नाटक आहे, गैरसमज फिटतो. ती म्हणाली, “गैरसमज फोटोचा फिटला. तो जे बोलला त्याचं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. घरी बायकोला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “करेल नाहीतर काय? दुसरा कोण तिच्या दारात उभा होता?” हे १९१६ चं उत्तर झालं, आणि बहुधा खरंही. पण ते मी त्या मुलीला सांगितलं नाही. रेवती मानी आहे. ती अश्विनशेटला बोलून घेते, स्वतः संशय घेते तेव्हा तोडीस तोड घेते, कुठेही दीन होत नाही. तिला नाइलाजाने लग्न करायला लावलं तर ते देवलांवर अन्याय होईल. आणि तिने हसत हसत सगळं विसरून जावं, तर तो तिच्यावर.

त्या मुलीनेच तालमीत एक वाट काढली. कोणाला न विचारता. शेवटच्या प्रवेशात सगळा उलगडा होतो, अश्विनशेट हात पुढे करतो. पूर्वी ती लगेच हात देत असे. आता ती जरा थांबते. फार नाही, तबलजी दोन मात्रा धरतो तेवढंच. त्याच्याकडे पाहते. मग देते. संहितेत एक अक्षर बदललेलं नाही, मी पुस्तक हातात धरून बसलेला असतो, मला माहीत आहे. पहिल्यांदा ती अशी थांबली तेव्हा आमच्या अश्विनशेटला वाटलं ही वाक्य विसरली, आणि त्याने घाबरून विंगेत माझ्याकडे पाहिलं. आता तो तिच्याकडेच पाहतो.

आमच्या अमराठी मित्रांना पदांचे शब्द कळले नाहीत तरी चालेल. तसबीर कोणाच्या हातात आहे तेवढं बघत राहा, नाटक कळेल. मराठी मंडळींना एकच विनंती. अश्विनशेटच्या त्या पदाला वन्स मोअर जरूर द्या, मुलगा फार मेहनतीने गातो. फक्त त्या वेळी एकदा रेवती रंगमंचावर नाही, ती कुठे असेल, एवढं मनात आणा.

दुसरी घंटा झाली, पेटीवाले खूण करताहेत, आणि माझं पुस्तक विंगेत राहिलं आहे. गणपती बाप्पा मोरया!