पेपरात आलं, म्हणजे खरंच का?

गटाचा हिशोब आपण दोनदा तपासतो. बातमी मात्र एकदा ऐकली की लगेच पुढे सांगतो. त्यातून काय घडू शकतं, ते आज आपल्या शेजारच्याच इतिहासातून पाहू.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. देऊळगाव राजाच्या पलीकडे जालन्यात मात्र निजामाचं राज्य होतं. हैदराबाद संस्थानानं भारतात सामील व्हावं की नाही, यावरून तिथे यादवीची वेळ आली. कासीम रझवीचे रझाकार गावं लुटत, जाळत होते.

निजामाच्या बाजूचे पेपर रझाकारांना राखणदार म्हणत. विरोधात लिहिणाऱ्यांवर बंदी येई. सीमेबाहेरच्या पेपरांत अत्याचाराच्या बातम्या येत. त्यांतल्या पुष्कळ खऱ्या होत्या. पण ऐकता ऐकता ‘रझाकार’ आणि ‘मुसलमान’ हे दोन शब्द अनेकांच्या मनात एकच होऊन बसले.

ते एक नाहीत, हे हैदराबादचाच एक तरुण मुसलमान संपादक लिहीत होता. त्याचं नाव शोएबुल्ला खान, त्याच्या उर्दू दैनिकाचं नाव ‘इमरोज’. इमरोज म्हणजे आजचा दिवस. रझाकारांचा जुलूम थांबवा, भारतात सामील व्हा, असं तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये सात नामवंत मुसलमानांनी हीच मागणी करणारं पत्रक काढलं, तेही त्यानं छापलं. थोड्याच दिवसांत, २१ ऑगस्टच्या रात्री, कामावरून घरी जाताना त्याच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हातही तोडला. वय तिशीच्या आतलं.

१३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनं संस्थान भारतात आलं, रझाकारांचा जाच संपला. पण नंतर सूड उगवला गेला, आणि रझाकारांशी संबंध नसलेली मुसलमान कुटुंबंही त्यात सापडली. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा इथं नुकसान सर्वांत जास्त होतं. हा अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढे आलाच नाही. म्हणजे मैत्रिणींनो, छापलेली बातमी मन घडवते, तशी दाबलेली बातमीही घडवते.

आज पेपर मोबाईलमध्ये आलाय. म्हणून पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कुणी सांगितलं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं यात आहे का? दोष एका माणसाचा आहे, की सगळ्या जातीचा, धर्माचा म्हणून सांगितलाय? तिसऱ्या प्रश्नाशी अडखळलात, तर बोट तिथंच थांबवा. आपल्याच गटातली शबाना किंवा सुनीता त्या बातमीत ‘ते लोक’ झालेली असेल.

येत्या बैठकीत एक बातमी घेऊन हे तीन प्रश्न लावून बघा.