चोवीस चालींचं कार्ड
मी मूळचा मिरजेचा, आता बरीच वर्षं बेंगळुरूत, के. आर. पुरमला. रविवारी सकाळी तिथल्या एका मोकळ्या मैदानावर दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवतो. हौस म्हणून.

हा खेळ बऱ्याच जणांनी पाहिलेला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलच, पण धक्काबुक्की नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फडकी लावलेली असतात. ज्याच्या हातात चेंडू त्याचं फडकं ओढलं की खेळ तिथे थांबला. एका बाजूला पाच जण. चार प्रयत्नांत मैदानाची मधली रेषा ओलांडायची, मग पुढच्या चारांत शेवट गाठायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, आणि तो निर्णय झाला मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याच महिन्यात आमच्या के. आर. पुरमची मेट्रो बैय्यप्पनहळ्ळीला जोडली गेली. आमच्याकडे मोठी बातमी अर्थातच मेट्रोची होती!

या खेळात प्रत्येक प्रयत्नाआधी पाचही जण गोल करून चाल ठरवतात. मी इंटरनेटवर बसून चोवीस चाली गोळा केल्या, रंगीत बाण काढले, लॅमिनेट केलं आणि प्रत्येकाच्या मनगटावर एकेक कार्ड बांधलं. ‘ट्रिप्स राइट, झेड पोस्ट, एक्स ड्रॅग’ असलं काहीतरी. बायको म्हणाली, “मुलांसाठी आहे की ऑफिसच्या प्रेझेंटेशनसाठी?” मी हसण्यावारी नेलं.

आमच्यात सहावीतली एक मुलगी होती. पळायला वाऱ्यासारखी, पण चाल सुरू झाली की जागेवर उभी. मी तिला ‘लक्ष नसतं’ या खात्यात टाकलं आणि सरळ सांगतो, तीन रविवार बहुतेक वेळ बाहेर बसवलं. चौथ्या रविवारी तिने विचारलं, “सर, नानु एल्लिगे ओडबेकु?” मी कुठे पळायचं? ती कन्नड माध्यमात शिकते. कार्डावरची बारीक इंग्रजी अक्षरं जुळवेपर्यंत चेंडू सुटलेला असायचा. तिचं लक्ष पूर्ण होतं, ते सगळं कार्डात अडकलेलं होतं. त्या दिवशी घरी येताना मला फार लाज वाटली.

मग मला आमचा शाळेतला खो-खो आठवला. बसलेल्या आठ जणांना काय लक्षात ठेवायचं असतं? खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, घेतलेली दिशा सोडायची नाही, मधली रेषा ओलांडायची नाही. एवढ्यावर तो खेळ किती रंगतो! आणि मी इथे पाच पोरांना चोवीस चाली देऊन बसलो होतो.

कार्डं काढली. उभं राहायची रचना एकच ठेवली: मध्ये चेंडू मागे देणारा, त्याच्या मागे फेकणारा, दोन्ही कडांना एकेक जण आणि पाचवा फेकणाऱ्याच्या शेजारी. चाली फक्त तीन. ‘हातात’ म्हणजे चेंडू शेजारच्याच्या हातात द्यायचा, त्याने पळायचं. ‘आखूड’ म्हणजे सगळ्यांनी पाच पावलं जाऊन वळून उभं राहायचं. ‘तिरकं’ म्हणजे तीन पावलं सरळ, मग आत. त्याला जोडून ‘बल’ किंवा ‘एड’, कन्नडमध्ये उजवं आणि डावं. आमच्यात मराठी, तेलुगू, तमिळ, हिंदी सगळी घरं आहेत, पण हे दोन शब्द बसमध्ये, रिक्षात सगळ्यांच्या कानावरचे. नावं मुलांनीच बदलली, ‘आखूड’चं ‘सिग्नल’ झालं, कारण तिथे थांबायचं.

फेकणाऱ्यालाही एकच काम दिलं. समोरच्या पाच जणांकडे पाहू नकोस. ज्या बाजूची चाल, त्या बाजूच्या रक्षकाकडे पाहा. तो मागे सरला तर आखूड फेक, पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून.

एका पालकांनी विचारलं, “तीनच चाली? समोरचे ओळखतील की!” त्यांचं बरोबर होतं. पहिल्याच सराव सामन्यात उत्तरार्धात समोरच्यांनी ‘हातात’ ओळखली, आमचा पळणारा दोन पावलांत पकडला जाऊ लागला. माझा हात पुन्हा जुन्या कार्डांकडे जाणार होता. पण मुलांपैकीच एकाने सुचवलं, द्यायचं नाटक करू आणि लांब फेकू. सुरुवात अगदी ‘हातात’सारखी, शेवट वेगळा. समोरचे सगळे पळणाऱ्यावर धावले. ती आमची चौथी चाल.

पाचवी अजून आलेली नाही. नवी चाल घ्यायची तर अट अशी की प्रत्येकाने बाकीच्या चौघांचं काम मातीत बोटाने काढून दाखवायचं. शेवटच्या रेषेजवळच्या पाच यार्डांत चेंडू घेऊन पळण्याची चाल चालत नाही. तिथे ‘हातात’ बाद, हे मुलांनी मला सांगावं लागत नाही असं ठरवून टाकलं. चौदा-पंधराच्या पुढच्यांना जास्त चाली पेलतात, त्यांचं गणित वेगळं.

ती मुलगी आता फेकणारी आहे. मागच्या रविवारी मी कडेवरून “सिग्नल, बल!” असं ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गोलात जाऊन सांगितलं, “एड.” चेंडू डावीकडे गेला, मधली रेषा पार झाली. मी तिला नंतर कारण विचारलं. म्हणाली, “सर, उजवीकडच्याची बुटाची नाडी सुटली होती. आपल्याच.”