शिखरजीची ओढ
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतला आहे. मला कार्यवाहांनी सांगितले, "गुरुजी, आपण तीर्थयात्रेवर बोला." विषय मोठा आहे आणि मी काही शास्त्राचा अभ्यासक नाही. म्हणून एकाच तीर्थाविषयी आणि त्या तीर्थाची जन्मभर ओढ बाळगलेल्या एका श्राविकेविषयी मी बोलणार आहे. ते तीर्थ म्हणजे श्री सम्मेदशिखरजी आणि ती श्राविका म्हणजे माझी आई.

झारखंड राज्यातील गिरिडीह जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,365 मीटर उंचीचा हा पर्वत उभा आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर येथून मोक्षाला गेले. भगवान आदिनाथ कैलासावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारहून आणि महावीर पावापुरीहून. हे चार वगळता सर्वांची निर्वाणभूमी हीच. शेवटी येथे भगवान पार्श्वनाथांना निर्वाण प्राप्त झाले, म्हणून लोक त्याला पारसनाथ पर्वत म्हणतात. अशा भूमीचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे, असे कोणत्या जैन माणसाला वाटत नाही?

पूर्वी ही इच्छा पुरी करणे जिवावरचे काम होते. कविवर बनारसीदासांनी 1641 मध्ये पूर्ण केलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात शिखरजीला गेलेल्या एका संघाची हकीकत आहे. परतीच्या वाटेवर अनेक यात्रेकरू आजारी पडले, कित्येक दगावले. कवीचे वडीलही दुखणे घेऊनच घरी आले. पुढे 1906 मध्ये गया-धनबाद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि पारसनाथ स्थानकापर्यंत गाडीने जाता येऊ लागले. वाट सोपी झाली, आणि आमच्यासारख्यांची "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणण्याची सवयही तेव्हापासूनच वाढली असावी.

आमचे घर कृष्णाकाठच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचे. 1971 साली शेजारच्या काकू शिखरजीची यात्रा करून आल्या. त्यांनी आईला पर्वताचे एक रंगीत चित्र आणून दिले. त्यात सर्व टोंका, त्यांना जोडणारी पायवाट आणि पायथ्याचे मधुबन दाखविलेले होते. वडिलांनी त्याला काच बसवून ते देवघराशेजारी लावले. तेव्हापासून रोज पहाटे, निर्वाणकांड म्हणून झाल्यावर, आई त्या चित्रापुढे उभी राही. मधुबनापासून तिचे बोट निघे. प्रथम गणधरांची टोंक, मग कुंथुनाथ, नमिनाथ, अरनाथ, मल्लिनाथ. प्रत्येक ठिकाणी थांबून ती हात जोडी. चंद्रप्रभूंच्या टोंकेकडे बोट वळले की म्हणे, "ही वाट लांबची आहे, येथे दमायला होते." जणू ती कालच जाऊन आली होती! शेवटी पार्श्वनाथांच्या सुवर्णभद्र कूटावर बोट टेकले, की मगच चुलीकडे वळायची. कालांतराने काचेवर त्या वाटेची एक पुसट रेघ उमटली होती.

1974 साली मी शिक्षक झालो. पहिला पगार आईच्या हाती देताना म्हणालो, "आई, आता तुला शिखरजीला नेतो." ती म्हणाली, "सावकाश ने. आधी बहिणीचे लग्न उरक." लग्न उरकले. मग घराचे बांधकाम निघाले. मग माझी बदली झाली. एका वर्षी उसाचे बिल लांबले, एका वर्षी मुलाची दहावी होती. यातले एकही कारण खोटे नव्हते. पण, बंधु-भगिनींनो, यातले एकही कारण आठ-दहा दिवस बाजूला ठेवता आले नसते, असेही नव्हते. आईने कधी तगादा लावला नाही, आणि तिच्या न बोलण्याचा मी सोयीस्कर अर्थ लावला. पुढे तिचे गुडघे गेले, दृष्टी मंदावली. चित्र दिसेनासे झाले, तरी बोट वाट चुकत नसे. 2003 साली णमोकार मंत्र ऐकत तिने देह ठेवला. शिखरजी राहिलेच.

निवृत्त झाल्यावर 2011 मध्ये मी गेलो. पहाटे तीन वाजता अनवाणी निघालो. नऊ किलोमीटरची चढण, वर टोंकांची तितकीच फेरी आणि नऊ किलोमीटर उतरण, अशी सत्तावीस किलोमीटरची ती वंदना. गंधर्वनाला मागे पडला, सीतानाला आला. वर पोहोचलो तेव्हा दाट धुके होते. सोबतच्या मंडळींना पुढची टोंक कोणती ते कळेना. माझ्या तोंडून आपोआप नावे येऊ लागली: कुंथुनाथ, नमिनाथ, अरनाथ, मल्लिनाथ. कोणी विचारले, "आपण पूर्वी आला होता काय?" मला उत्तर देता आले नाही. चंद्रप्रभूंच्या टोंकेची वाट खरोखरच लांबची निघाली. आणि वाटेत डोलीत बसलेली, आईच्याच वयाची एक वृद्धा दिसली. तिचा मुलगा डोलीबरोबर चालत होता. त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत सांगणार नाही. आपण समजून घ्यावे.

शिखरजीची वंदना भावसहित करावी, असे आपले वाडवडील सांगत आले. आईची भाववंदना वाया गेली, असे मी मानत नाही. टोंकांवर शेवटी असते तरी काय? चरणचिन्हे. त्या चरणांची आठवण तिने बत्तीस वर्षे एक दिवस न चुकता जागविली. पण तिच्या भावनेने माझी चूक भरून निघत नाही. आईची ओढ तिचे पुण्य होते. तिला तिष्ठत ठेवणे हा माझा प्रमाद होता.

आणखी एक गोष्ट. 2019 च्या अधिसूचनेत या पर्वताच्या परिसरात पर्यटनाला वाव दिला गेला, तेव्हा देशभरातील समाजाने मूक मोर्चे काढले आणि 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. सरकारला आपण सांगितले की हे तीर्थ आहे, पर्यटनस्थळ नव्हे. आता आपल्या वागण्यातूनही ते दिसले पाहिजे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकून येणारा यात्रेकरू कसला? तो पर्वत तेथील संथाळ बांधवांनाही 'मरांग बुरू' म्हणून पूज्य आहे, आणि आपल्या वृद्धांच्या डोल्या तेथील स्थानिक माणसेच खांद्यावर वाहतात, याचेही भान असावे.

विश्वस्त मंडळाला माझी एकच नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या गावातील ज्या वडीलधाऱ्या श्रावक-श्राविकांची शिखरजीची वंदना राहिली आहे, त्यांची एक यादी करावी. दरवर्षी त्यांतील काहींना न्यावे आणि प्रत्येकासोबत घरातील एक तरुण असावा. पहिल्या वर्षीच्या एका श्राविकेचा आणि तिच्या डोलीचा खर्च मी आईच्या स्मरणार्थ देईन.

आणि तरुण मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला एवढेच विचारा, "तुला कोठे जायचे राहिले आहे?" ती "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका.

जय जिनेंद्र.