स्ट्रॉबेरी आणि तिचे उपयोग

फाल्गुन लागला कीं तळवड्याच्या देहू-आळंदी रस्त्यावर तांबड्या फळांच्या हातगाड्या उभ्या राहूं लागतात. सकाळीं कामावर निघालेला मनुष्य त्यांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. सायंकाळीं परततांना मात्र तोच निम्म्या दरांत एक पेटी घेऊन घरीं येतो. पेटी उघडावी तों तळाचीं फळें नरमलेलीं, एखाद्यास बुरशीहि आलेली. गृहिणी नाक मुरडते आणि अर्धी पेटी केरांत जाते. या केरांत किती श्रम जातात याचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं.

आंबा अढींत घालतां येतो, कच्चें केळें मागाहून पिकवितां येतें. स्ट्रॉबेरीस ही सवलत नाहीं. खुडल्यावर तिची गोडी वाढत नाहीं. ती केवळ नासण्याच्या वाटेस लागते. दहांतील नऊ भाग पाणी आणि वर साल म्हणावी अशी नाहींच. ज्यास फळ म्हणून खातात तो वस्तुतः फुलाचा फुगलेला देठ होय. अंगावर जे बारीक पिवळे दाणे दिसतात तींच तिचीं खरीं फळें!

हिचें कूळहि मोठें मौजेचें आहे. १७१४ सालीं फ्रेझिए नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें चिली देशांतून कांहीं रोपें फ्रान्समध्यें नेलीं. तीं वाढलीं, परंतु फळ धरीनात. कारण तीं सारीं मादी जातीचीं होतीं. पुढें उत्तर अमेरिकेंतील दुसऱ्या जातीशीं त्यांचा संकर झाला आणि आजची टपोरी स्ट्रॉबेरी जन्मास आली. महाबळेश्वर १८२९ मध्यें इंग्रजांकडे गेलें. साहेबांच्या मागोमाग त्यांच्या बागांतील हें फळहि तेथें पोंचलें आणि साहेब गेल्यावरहि राहिलें. आज देशांतील बहुतेक पीक महाबळेश्वर-पांचगणीच्या पठारावर येतें. २०१० मध्यें त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

पाऊस सरतां सरतां तेथील शेतकरी उंच वाफ्यांवर रोपें लावितो, कागद अंथरतो, ठिबकानें पाणी देतो, आणि थंडीभर एकेक फळ हातानें खुडतो. पण मार्चाचें ऊन तापलें कीं सारा मळा एकदम पिकतो, आणि भाव कोसळतो. अशा वेळीं माल वांचवितात त्या मुरंब्याच्या कढया. १९५९ मध्यें पांचगणीस मॅप्रोचा उद्योग निघाला. पुढें त्या भागांत जाम, सरबत, क्रश यांचे अनेक कारखाने झाले. ओबडधोबड फळासहि गिऱ्हाईक मिळालें, हा त्यांचा खरा उपकार. मात्र नुसता लाल रंग आणि वास घालून केलेलीं सरबतें याच नांवावर खपतात. बाटलीवरील बारीक अक्षरें वाचल्यावांचून तीं घेऊं नयेत.

जें कारखान्यांत होतें तें घरींहि साधतें. बुरशी आलेलें फळ टाकावेंच. नुसतें नरमलेलें टाकूं नये. अशीं फळें तितक्याच साखरेंत रात्रभर मुरत ठेवावींत व सकाळीं मंद आंचेवर आटवावींत. या फळांत मुरंबा घट्ट करणारें द्रव्य थोडें असतें, म्हणून एका लिंबाचा रस अवश्य घालावा. दुधांत कुस्करावयाचीं तर दूध थंडगार असावें, कोमट दूध फाटतें. ताज्या शंभर ग्रॅम फळांत सुमारें साठ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतें, म्हणजे संत्र्याहून किंचित् अधिकच. शिजवितांना त्यांतील पुष्कळसें नाहींसें होतें. तेव्हां चांगलीं फळें मुलांस तशींच द्यावींत आणि कढईंत उरलेलीं घालावींत. कोणाच्या अंगावर हीं खाऊन गांधी उठतात. त्यानें या वाटेस जाऊं नये.

धुण्याची घाई मात्र कोणी करूं नये. पेटी घरीं येतांच नरम फळें निवडून वेगळीं करावींत, बाकीचीं कोरडींच थंड जागीं ठेवावींत, खावयाच्या वेळीं हिरव्या देठासकट धुवावींत, आणि देठ त्यानंतर काढावा. आधीं काढल्यास फळांत पाणी शिरतें.