हजेरी पाचवीची घ्या

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कामगार आणि कविता’ असा विषय दिलाय. मी त्यावर बोलणार नाही. कवितेवर बोलणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. मी एक साधा प्रश्न तुमच्यापुढे ठेवणार आहे. तुमच्यातल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलवर तो येऊन पडलाय हे मला माहीत आहे, कारण काल चहाच्या वेळी तुम्ही त्याच्यावरच भांडत होता. प्रश्न असा : शाळेच्या स्नेहमेळाव्याला आपण जायचं की नाही?

हसू नका. प्रश्न दिसतो तेवढा बारका नाही.

दहावी होऊन दहा वर्षं झाली, पंचवीस वर्षं झाली की आता गावोगावच्या बॅचा एकत्र यायला लागल्यात. ग्रुप निघतो, कमिटी बसते, वर्गणी ठरते. टी-शर्ट छापतात, त्याच्यावर सालाचा आकडा. फेटे बांधतात. सरस्वतीच्या फोटोला हार, गुरुजनांना शाल-श्रीफळ. मग घंटा वाजवायची, रांगेत उभं राहायचं, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, आणि वर्गात जाऊन ‘आपापल्या जुन्या बाकावर’ बसायचं. सर हजेरी घेणार, आपण ‘हजर सर’ म्हणणार. मग सगळे डोळे पुसणार. प्रत्येकाने उठून ओळख करून द्यायची : नाव, हुद्दा, पत्ता. संध्याकाळी जेवण. पत्रिकेवर ठरलेला मजकूर, ते सोनेरी दिवस पुन्हा एकदा.

कुणाचे सोनेरी?

माझी शाळा सातारा जिल्ह्यातली. गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीच्या गावांना वाटतं आपण सुटलो. २०१५ साली मी दहावी झालो, ६१ टक्के पडले, आणि जूनमध्ये मुंबईला आलो. माझा आजा गोदीत कायम होता. त्याला क्वार्टर मिळालं, म्हातारपणी पेन्शन मिळाली. मी त्याच गोदीत ठेकेदाराचा माणूस आहे. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरात बंद झाला आणि मुंबईच्या गोदीतले हात कमी होत गेले. जे उरलंय ते आम्ही करतो. वीस-वीस टनांची स्टीलची कॉइल क्रेन उचलते, पण तिला स्लिंग लावायला माणूस जहाजाच्या पोटात उतरावा लागतो. तो माणूस मी. काम असेल त्या दिवशी दाम. मेळाव्याची वर्गणी दीड हजार, वर एसटीचं जाणं-येणं, आणि मध्ये तीन खाडे. हिशेब तुम्हीच करा. पण नुसता पैशाचा हिशेब असता तर मी तुमचा वेळ खाल्ला नसता. पैसे उसने मिळतात.

आमच्याच जिल्ह्यात, साताऱ्याच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका पोराचं नाव पटावर चढलं. भिवा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण ते त्यांच्याच शब्दांत वाचा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. कोपऱ्यात एकट्याने बसायचं, खाली गोणपाटाचा तुकडा. तो सकाळी घरून न्यायचा, संध्याकाळी घरी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. नळ शिपायाने उघडायचा. शिपाई जागेवर नसला की पोराने आपली तहान गिळायची. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. पाळलाच पाहिजे. पण माझ्या डोक्यात भलतंच येतं. समजा, त्या वर्गाने दहा वर्षांनी मेळावा भरवला असता आणि पत्रिकेत छापलं असतं की प्रत्येकाने आपल्या जुन्या जागेवर बसावे. भीमराव कुठे बसले असते? गोणपाट काखेत मारून गेले असते? आणि शेजारच्या बाकावरचा पोरगा ते बघून म्हणाला असता का, काय मजेचे दिवस होते रे?

तुम्ही म्हणाल, आता गोणपाट कुठंय? बरोबर आहे, आमच्या वेळी गोणपाट नव्हतं. आमच्या वेळी फॉर्म होता. वर्षातून दोन-तीनदा शिपाई कागद घेऊन यायचा आणि सर पुकारायचे, ‘बीसीची पोरं, उभी राहा.’ आम्ही उभे. सगळा वर्ग माना वळवून मोजायचा. एक सर हौसेने म्हणायचे, ‘उठा जावईबापू, सरकारने बोलावलंय.’ वर्ग खदखदून हसायचा. स्कॉलरशिप किती यायची? त्यात वर्षाच्या वह्याही भागत नव्हत्या. पण जावई म्हणून नाव वर्षभर टिकायचं. आता ऐका. तेच सर मेळाव्यात पहिल्या खुर्चीवर बसणार आहेत, आणि त्यांना शाल घालायला कमिटीने दोन नावं काढलीत. एक मंत्रालयात लागलेल्या पोराचं. दुसरं माझं.

माझंच का? तर मी कवी आहे म्हणून, असं सांगितलं. मला कारण कळत नाही असं त्यांना वाटतं.

हे सांगायला फोन आला तो माझ्या दोस्ताचा. शत्रूचा फोन असता तर सोपं होतं. हा पाच वर्षं माझ्या बाकावर बसलेला, माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी बोटं चाटून खाणारा. त्याच्या घरी मात्र मला चहा वेगळ्या पेल्यातून. तो पेला खिडकीत पालथा असायचा. आई पेला काढायची तेव्हा हा जमिनीकडे बघायचा. तोंडातून शब्द कधी काढला नाही, पण जमिनीकडे बघायचा, हेही मी विसरलेलो नाही. फोनवर म्हणतो, ‘तू ये गड्या, तुझ्याशिवाय मजा नाही. एक कविता म्हण. शाळेवरची, गोड. जातबित नको, आता कुठं जात राहिलीय? आणि कमिटीला आधी पाठव, वाचून ठेवतील.’

दोस्तहो, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना होता. शाळेने तो शाईने भरून दिला. आता मेळाव्याच्या दारात चपलेसारखी जात काढून ठेवा म्हणतात. चप्पल फक्त आमचीच काढून ठेवतात, त्यांच्या पायात त्यांची राहते. कमिटीवर कोण आहे बघा. वर्गणी कुणाच्या वाड्यावर जमा होते बघा.

तर जाऊ नये, असं म्हणणारे आपल्यात आहेत. काल एक साथी तावातावाने म्हणाला, बहिष्कार घाला, त्यांच्या फेट्याचं आणि फोटोचं आपल्याला काय! त्याचा राग मला पटतो. पण दोन गोष्टी मला अडवतात.

पहिली म्हणजे मराठीच्या बाई. आमच्या समाजाच्या नव्हेत. दहावीत असताना त्यांनी मला बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हातात दिलं. १९६३ सालचं पुस्तक, पानं पिवळी पडलेली. घरी कंदील लावून वाचलं, कारण लोडशेडिंग होतं. त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं की पुस्तकं दुसऱ्यांच्या घराबद्दल असतात. बाईंनी पुस्तक परत मागितलं नाही. त्या आता रिटायर होणार, मेळाव्याला येणार. त्यांच्यासमोर उभं राहून ‘बाई, मी लिहितो’ एवढं सांगायला मी तीन खाडे धरायला तयार आहे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. शाळा ही काही त्यांच्या बापाची जहागीर नाही. १८४८ साली पुण्यात जोतिबांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलून शिकवलं, तेव्हा हे दार ढकललं गेलं. १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. आपण त्या बाकावर कुणाच्या मेहेरबानीने बसलो नव्हतो. मग आज फोटोतून आपणच बाजूला सरलो तर फोटो त्यांचा होतो. आणखी वीस वर्षांनी त्यांची पोरं तो फोटो बघून म्हणतील, बापाच्या वर्गात ही माणसं नव्हतीच.

म्हणून मी ठरवलंय. मी जाणार. पण पाहुणा म्हणून जाणार नाही.

कविता आधी दाखवणार नाही. १८५५ साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंगाच्या पोरीने निबंध लिहिला, ‘ज्ञानोदय’मध्ये तो छापून आला. वय जेमतेम चौदा. विषय कोणता घेतला? मांगा-महारांचं दुःख. शाळेने दिलेली अक्षरं तिने पहिल्यांदा तिथे खर्च केली. तिला कुणी गोड लिही म्हणाला असेल तर तिने ऐकलं नाही. मी तिच्या शाळेतला.

शाल मी घालणार ती बाईंना. सरांना दुसऱ्या कुणी घालावी, मी अडवणार नाही. आणि फोटो सरस्वतीचा लावलात तर शेजारी सावित्रीबाईंचा लागेल. मिळत नसेल तर मी मुंबईहून फ्रेम करून आणतो.

ओळख करून द्यायची वेळ आली की मी म्हणणार, गोदी कामगार, ठेक्यावरचा. आवाज खाली न आणता. इंजिनिअरच्या गाडीचा पत्रा ज्या पोलादातून निघतो त्याला कुणीतरी स्लिंग लावलेली असते.

आणि शेवटची मागणी, जिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. हजेरी घ्यायची ना? मग ती दहावीची घेऊ नका. पाचवीची घ्या.

मी मोबाइलवरच्या ग्रुपातली नावं मोजली. मग रात्रपाळीला क्रेन बंद पडली होती तेव्हा पाचवीच्या वर्गातली पोरं एकेक करून आठवली, सिगारेटच्या पाकिटावर लिहिली. पाचवीत आम्ही ५२ होतो. दहावीला बसलो ३४. मधले १८ कुठे गेले? त्यातले १३ आपल्या वस्तीचे, मातंगवाड्याचे, वडारांचे, रामोशांचे. एक दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, एका वर्षी परतलाच नाही. एक पोरगी खडी फोडायला बसली, वडाराची, गणितात माझ्यापुढे असायची. एकीचं सातवीत लग्न झालं. एक जण जावईबापू ऐकून सरांच्या अंगावर धावला, त्याला दुसऱ्या दिवसापासून शाळेत कुणी पाहिलं नाही. ही पोरं ग्रुपात नाहीत. त्यांना पत्रिका नाही. त्यांचा नंबर कुणाकडे नाही, कारण कुणी मागितलाच नाही.

सरकारी कागदात ह्याला गळती म्हणतात. गळती छपराला असते. पोरं गळत नाहीत, त्यांच्या पायाखालची फळी काढली जाते. १८८२ साली जोतिबा हंटर कमिशनपुढे सांगून आले की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये १२८ वर्षं. योगायोग बघा, आम्ही तेव्हा पाचवीच्याच वर्गात होतो. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक पोराला हक्क मिळाला असं कागद म्हणाला, आणि आमच्या वर्गातली पोरं त्यानंतर एकेक करून उठून गेली. कायद्याने त्यांना शोधायला माणूस पाठवला नाही. वर्गानेही पाठवला नाही. मग दहा वर्षांनी ‘आपण सगळे’ एकत्र येतोय म्हणायचं? सगळे कोण?

हे मी दोस्ताला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कमिटीला विचारतो. अजून विचारतोय. कमिटी नाही म्हणाली तरी मी जाणार, आणि हजेरी संपली की उभा राहून ती १८ नावं मी स्वतः वाचणार. कुणी हसलं तर हसू दे. त्या वर्गात हसणं ऐकायची मला सवय आहे.

आता तुमचं बघा. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या शाळेत पाचवीचा एक पट होता. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्याला तो वर्ग सहन होणार नाही त्याने जाऊ नये, त्याला कुणी पळपुटा म्हणू नये. पण जाणाऱ्याने आणि न जाणाऱ्यानेही एक काम करायचं. घरी गेल्यावर कागद घ्या. पाचवीतली नावं आठवून लिहा. जी दहावीपर्यंत पोचली नाहीत त्यांच्यावर खूण करा. मग त्यांच्या दारात जा. विटभट्टीवर जा, पालावर जा, फडावर जा, लग्न करून दिलेल्या पोरींच्या सासरी जा. त्यांची पोरं आता पाचवीच्या आसपास असतील. ती पोरं शाळेत जातात का, एवढं विचारा. जात नसतील तर हाताला धरून पटावर नाव घालून या. हेडमास्तर नाही म्हणाला तर आम्हाला बोलवा, आम्ही टोळीने येतो. गोदीतली टोळी आहे, जड माल हलवायची सवय आहे.

पुढच्या शिबिराला येताना भाषणं आणू नका. हे कागद घेऊन या.

जयभीम!